कुत्री माझ्यासमोर बसली

साथीच्या दुसऱ्या वर्षी मला ताप आला, आठ दिवसांत गेला, आणि त्याच्यासोबत माझी वास घेण्याची शक्तीही गेली. डॉक्टर म्हणाले, येईल परत. बायकोलाही तेच झाले होते. तिचे नाक महिनाभरात पूर्ववत झाले. एका सकाळी फोडणी देता देता तिने विचारले, "तुम्हाला येतो का हो आता वास?" मी म्हणालो, "येतो ना."

असे का म्हणालो, याचे नेमके कारण आज सांगता येत नाही. मला कार्यालयात जायचे होते. खरे सांगितले असते तर नागपूरला नाकाच्या डॉक्टरकडे जावे लागले असते. अमरावतीच्या एका दैनिकाच्या डेस्कवर मी तीस वर्षे इतरांच्या बातम्यांतली खोटी वाक्ये खोडत होतो. माझे स्वतःचे एक वाक्य त्यातून सुटले आणि पुढे रोज त्याच्या सुधारित आवृत्त्या काढाव्या लागल्या. भाजीचा वास कसा आहे? छान. अगरबत्ती कोणती? मोगरा, हे पुड्यावर वाचून. दूध लागले का, असे तिने विचारले की मी आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहत असे आणि मग मत देत असे. नाटकाला न जाता नाटकाचे परीक्षण लिहिणारा एक सहकारी आमच्याकडे होता. त्याला मी दोनदा सर्वांसमोर झापले होते.

निवृत्त झालो आणि हे प्रकरण गंभीर झाले. बेंगळुरूच्या मुलीला दिवस गेले. बायकोने चार महिने तिच्याकडे जायचे ठरले. प्रश्न माझा होता.

"एकटे राहाल तुम्ही?" बायकोने विचारले. ती शाळेत गणित शिकवत असे. प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत ती डोळे हलवत नाही. "गॅस चालू राहिला तर?"

"वास येईल ना," मी म्हणालो.

पर्याय दुसरा होता. घराला कुलूप, मी मुलीच्या दोन खोल्यांत, आणि तिथल्या इमारतीत कुत्री चालत नसल्याने आमची कुत्री दर्यापूरला, बायकोच्या भावाच्या शेतावर. एका दिवाळीत तिला तिथे ठेवले होते. चार दिवस तिने अन्नाला तोंड लावले नव्हते. तेव्हा मी आणि कुत्री स्वतःच्या घरात राहणार की नाही, हे माझ्या त्या एका वाक्यावर उभे होते, आणि ते वाक्य खोटे होते.

कुत्रीचे नाव इथे देत नाही. माणसांची नावे गाळायची आणि तिचेच छापायचे, हा अन्याय होईल. आई लॅब्रॅडॉर, वडील आमच्याच गल्लीतले. मुलीने हौसेने आणली आणि नोकरी लागल्यावर आमच्याकडे सोडली. तिच्या अंगी विशेष गुण असल्याचे तोवर कोणाच्या लक्षात आले नव्हते.

जनावरांच्या दवाखान्यात एक कागद चिकटवलेला दिसला. अकोल्याला पोलिसांच्या श्वान पथकातून निवृत्त झालेले एक हवालदार घरच्या कुत्र्यांना वास शोधण्याचा खेळ शिकवतात, असा मजकूर होता. त्यात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. खेळ असा : पुठ्ठ्याची बारा खोकी मांडायची. एकात लवंगाच्या तेलाचा कापूस. कुत्र्याने हुंगत जायचे आणि त्या खोक्यापुढे बसायचे. बसले की पट्टा धरणाऱ्याने, म्हणजे हँडलरने, हात वर करून "अलर्ट" म्हणायचे आणि खोके दाखवायचे. माणसाला खोके माहीत नसते, कुत्र्यालाच शोधावे लागते. माणसाचे काम फक्त कुत्र्याचे ऐकणे.

मी मनाशी ठरवले, कुत्री आज लवंग शिकली की उद्या गॅस शिकेल. घरात एक चालते नाक असले म्हणजे माझे वाक्य निम्मे तरी खरे होईल. बायकोला मात्र सांगितले, वजन कमी होईल.

"कोणाचं?" तिने विचारले.

हवालदार मूळचे हिवरखेडचे. बोलणे थेट. पहिल्याच रविवारी मी सहज विचारल्यासारखे विचारले की हीच कुत्री पुढे गॅसची गळती वगैरे शोधू शकेल का.

"हा खेळ हाय भाऊ," ते म्हणाले. "कुत्रं झोपते, कुत्रं जेवते, मांजर दिसली का तिच्यामांगं पयते. त्याच्या भरोशावर घर सोडता का तुमी?"

मी वहीत लिहिले : "गॅसबाबत प्रशिक्षक सावध." सवय जात नाही.

त्यांचे नियम थोडे होते. तेलाला हात लावायचा नाही, कापूस चिमट्याने ठेवायचा, बाटली खाऊपासून आणि स्वतःपासून लांब ठेवायची. आणि कुत्रे बसले की त्याला पुन्हा विचारायचे नाही. "कुत्रं खोटं नाही बोलत बाप्पा. ज्याच्या हातात पट्टा हाय, तो बोलते. तुमी त्याले दोनदा इचारसान, तर त्याले वाटते आपलंच चुकलं."

अकोला दोन तासांवर. वर्ग महिन्यातून दोनदा. बाकी सराव घरी, अंगणात. मी वही घातली : दिनांक, वेळ, वारा, लागलेले सेकंद, निकाल. खोकी मीच मांडायचो, कापूसही मीच ठेवायचो. तिसऱ्या आठवड्यापासून निकालाच्या रकान्यात एकही चूक नाही. एवढे शंभर टक्के बरोबर काम कोणत्याही वार्ताहराने आणून दिले असते तर मी त्याला समोर बसवून घेतले असते. कुत्रीच्या बाबतीत मला एकदाही शंका आली नाही. मी वही बायकोला दाखवली.

"सगळे बरोबर?" ती म्हणाली. "माझ्या वर्गात असं झालं की मी पेपर फुटला का ते बघायची."

याच सुमारास लोक माझ्या दाढेची चौकशी करू लागले. आधी शेजारी. तो पाटबंधाऱ्यातला निवृत्त अभियंता, अंजनगाव सुर्जीकडचा. मी कधीही संपादक नव्हतो, तरी मला संपादक म्हणतो. "काय संपादक, काढून टाका ना ती दाढ. काहून दुःख काढून राहिले? नाई तर मी सांगतो ते औषध घ्या." मग औषधाच्या दुकानातला माणूस. मग अकोल्याला हवालदार : "दाढ दुखून राहिली का भाऊ?" माझा चेहरा वयानुसार दुखरा दिसत असेल, असे मी समजलो. वाद नको म्हणून "थोडी" म्हणालो.

"मंग तेल लावून येत जाऊ नका इथं. कुत्रं गोंधळते."

मी दाढेला काही लावत नव्हतो. तेव्हा त्यांच्या सूचनेचे पालन आपोआपच होत आहे, असे मी मानले. इथे कोणत्याही शिकाऊ वार्ताहराने पुढचा प्रश्न विचारला असता : माझ्या अंगाला वास येतो का? मला तो विचारता येत नव्हता. ज्याचे नाक शाबूत आहे, तो स्वतःच्या अंगाचा वास दुसऱ्याला विचारत नाही. बायको एकदा म्हणाली, "घरभर लवंग झाली आहे नुसती." मी जाणकारासारखी मान हलवली. "हो, आज जरा जास्तच आहे."

अकोल्याची स्पर्धा मुहूर्त नसलेल्या हंगामात एका मंगल कार्यालयात होती, म्हणजे लग्ने नव्हती. बायकोची बेंगळुरूची गाडी त्याच आठवड्यात. जाण्याआधी एकदा बघते म्हणून ती सोबत आली आणि तिसऱ्या रांगेत लाल मखमली खुर्चीवर बसली. स्टेजवर नवरानवरीच्या सिंहासनांवर कोणीतरी पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या. परीक्षक बाई पुण्याहून आल्या होत्या. त्यांच्या कॉलरला माइक होता.

आमचा क्रमांक आला. बारा खोकी, वेळ तीन मिनिटे. मी रेषेवर उभा राहिलो, पट्टा सैल केला आणि म्हणालो, "शोध."

कुत्रीने खोक्यांकडे एकदा पाहिले, वळली आणि माझ्यासमोर येऊन बसली.

मी तिला पुन्हा खोक्यांकडे पाठवले. ती दोन पावले गेली, परत आली, बसली. तिसऱ्यांदा पाठवले. या वेळी तिने जायचे कष्टही घेतले नाहीत. मान वर करून माझ्या छातीकडे पाहत राहिली.

"काका, तुमालेच पकडलं तिनं!" मागून कोणीतरी ओरडले.

"झडती घ्या रे त्याहीची!"

हॉल हसला. परीक्षक म्हणाल्या, "हँडलर, वेळ चालू आहे." कुत्र्यावर विश्वास ठेवा, हा धडा मी वहीत दोन वेळा अधोरेखित केला होता. मी हात वर केला आणि म्हणालो, "अलर्ट."

"कुठे?"

मी सात नंबरचे खोके दाखवले. कारण तिची शेपूट त्या दिशेला होती.

"चूक," परीक्षक म्हणाल्या आणि कागद घेऊन माझ्याकडे आल्या. तीन पावलांवर थांबल्या. "तुम्ही लवंगाचं तेल लावून आला आहात का?"

"नाही."

"अहो, मला इथपर्यंत वास येतो आहे."

"मला नाही येत."

"येत नाही कसा? पहिल्या रांगेला येत असेल!" पहिल्या रांगेतल्या दोघांनी माना डोलावल्या. "तुम्ही नियम मोडून वर नाकारताय. मला तसं लिहावं लागेल."

नियम मोडणारा म्हणून नोंद होणे मला सहन झाले नाही. तीस वर्षांत माझ्या नावावर एकही दुरुस्ती छापली गेली नव्हती. "मॅडम," मी म्हणालो, "मला कुठलाच वास येत नाही. चार वर्षं झाली."

त्यांच्या कॉलरचा माइक चालू होता. माझे वाक्य छताच्या चारही कोपऱ्यांतल्या कर्ण्यांतून बाहेर पडले आणि तिसऱ्या रांगेत पोहोचले. मी तिकडे पाहिले नाही.

हवालदार उठून आले. माझ्या शर्टाच्या खिशातून त्यांनी दोन बोटांनी एक छोटी बाटली बाहेर काढली. त्या खिशात तीस वर्षे लाल पेन असायचे. निवृत्तीनंतर जागा रिकामी होती, म्हणून सरावाची तेलाची बाटली मी तिथे ठेवू लागलो होतो. स्वतःपासून लांब ठेवायची हा नियम मी वहीत उतरवला होता आणि वही खिशापासून लांब होती. बाटलीचे झाकण तडकले होते. खिशाखाली जो डाग होता, तो मी घामाचा समजत होतो.

"घरी खोकं कुठं ठेवलं ते तुमाले मालूम राहे?" त्यांनी विचारले.

"हो. मीच ठेवायचो."

"अन् उभे कुठं राहा?"

मी आठवून पाहिले. त्याच खोक्याजवळ.

"म्हंजे तीन महिने कुत्रीनं तुमाले शोधलं अन् तुमी तिले बिस्किट देल्लं." ते कुत्रीकडे वळले. "हिची चूक नाही. तुमी जरा बाहेर जा बरं. लांब. पार गेटापाशी."

मी गेटापाशी गेलो. तिथून काचेच्या दारातून आतले दिसत होते. हवालदारांनी खोकी बदलून मांडायला लावली आणि पट्टा स्वतः धरला. कुत्री रांगेने हुंगत गेली, नवव्या खोक्यापुढे थांबली, बसली. आत टाळ्या झाल्या. हे निकालात धरले गेले नाही. निकालपत्रावर आमच्या नावापुढे "अपात्र" आहे, आणि शेरा आहे : "श्वान उत्तम. हँडलर दूषित."

परतताना मूर्तिजापूरपर्यंत गाडीच्या खिडक्या चारही उघड्या होत्या. त्या बायकोने उघडल्या होत्या. मूर्तिजापूरला चहाला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "पोरीच्या साखरपुड्याच्या दिवशी रस्सा खाली लागला होता का, असं मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही म्हणाले, फर्स्ट क्लास."

"कोणी काही बोललं नाही पण नंतर."

"कसे बोलतील? तुम्ही पंगतीत फिरून फिरून सांगून राहिले होते, वास घ्या, वास घ्या!" तिने कप खाली ठेवला. "चार वर्षं मी तुमच्या तोंडाकडे पाहून मसाला घातला. मला सर्दी असली की मी तुम्हाला विचारायची. आणि तुम्ही कोणाकडे पाहून सांगत होते?"

"तुझ्याकडे."

तिने बशीतले बिस्किट कुत्रीला दिले. मग म्हणाली, "आणि गॅस? तोही माझ्याकडे पाहून कळणार होता? बेंगळुरूला?" मी चहाचे पैसे द्यायला उठलो. "दर्यापूरला उद्या फोन करते मी. तुमचंही तिकीट काढायला सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन झाला नव्हता. जेवणाच्या टेबलावर दहा वाट्या होत्या, प्रत्येकीवर झाकण. मला खुर्चीत बसवून तिने माझ्या डोळ्यांवर ओढणी बांधली. तीस वर्षे शाळेत घालवलेली बाई परीक्षेशिवाय निकाल लावत नाही, एवढे मला माहीत होते. कुत्री माझ्या पायाशी येऊन बसली.

"सांगा."

"माहीत नाही."

दुसरी वाटी. माहीत नाही. तिसरी वाटी नाकाजवळ आली तशी नाकपुड्यांना गार लागले. कापूर असणार. "गार लागतंय," मी म्हणालो. "वास माहीत नाही." पाचव्या वाटीला झाकण निघताच पायाशी कुत्री सलग तीनदा शिंकली. आमच्या घरात ती एकाच गोष्टीने तशी शिंकते, कुटलेल्या काळ्या मिऱ्यांनी. उत्तर तोंडात तयार होते. ते बरोबरही ठरले असते. चार वर्षे मी याच पद्धतीने उत्तीर्ण होत आलो होतो, आणि एक तरी वास ओळखला तर दर्यापूरचा फोन टळेल, असा विचार स्पष्टपणे मनात आला, हे नोंदवून ठेवतो.

"कुत्री शिंकली," मी म्हणालो. "मला माहीत नाही."

दहावीपर्यंत तेच. तिने ओढणी सोडली. दहापैकी शून्य. सातव्या आणि नवव्या वाटीत काहीच नव्हते, रिकाम्या होत्या.

"या दोन्हींपैकी एकीला जरी तुम्ही काही नाव दिलं असतं," ती वाट्या एकात एक घालत म्हणाली, "किंवा मिरे म्हणाले असते, तर मी फोन करणार होते."

"मग आता?"

"आता राहा. पण गॅस राहणार नाही."

दुपारपर्यंत तिने सिलिंडरचे रेग्युलेटर काढून स्वतःच्या बॅगेत भरले. विजेची शेगडी आणली. लवंगाची बाटली हवालदारांकडे परत गेली. त्यांनी फोनवर सांगितले की पुढचे सहा महिने खोकी दुसऱ्या कोणीतरी मांडायची आणि मी त्या वेळी घराबाहेर थांबायचे. बायकोला मात्र एवढ्यावर समाधान नव्हते. वायर जळते, शिळे अन्न राहते, असे तिचे म्हणणे. शेजाऱ्याला बोलावून तिने माझ्यासमोर सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न दाढेबद्दल विचारला.

"दाढ ठीक आहे," मी म्हणालो. "कधीच दुखत नव्हती."

"मंग मी सांगितलेलं औषध घेतलं की नाई तुमी?"

"घेतलं."

"काहून?"

आता तो रोज सकाळी सातला येतो. चपला काढत नाही. दारात उभा राहतो, मान किंचित वर करतो आणि दोनदा खोल श्वास घेतो. कुत्री बाजूला बसून त्याचे काम पाहते. तिचे मत फारसे चांगले नसावे, असे वाटते. "ठीक आहे, संपादक," म्हणून तो जातो. बायकोला मी फोनवर तसे कळवतो : सात वाजता तपासणी झाली, काही आढळले नाही.

परवा तो आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि आवाज बसला होता. त्याने नेहमीसारखी मान वर केली. नाकातून दोनदा आवाज आला, पण हवा आत गेल्याचे काही लक्षण दिसले नाही. "ठीक आहे सगळं," तो म्हणाला आणि माझ्या नजरेला नजर न देता निघून गेला. त्याच्या जागी मी असतो तर हेच केले असते.

बेंगळुरूहून फोन आला. "काय म्हणाले शेजारी?"

"ठीक आहे म्हणाले. पण त्यांना सर्दी आहे. त्यांचं धरू नकोस. आज घरात वास आहे की नाही, कोणालाच माहीत नाही."

पलीकडे तिच्या मागे कोणीतरी भांडे घासत होते.

"बरं," बायको म्हणाली. "मग खिडक्या उघडा."